मुक्कामाचे घर

चांदा जिल्ह्याच्या रानात ज्यांनी कधी फिरती केली आहे, त्यांना जंगल खात्याचा बंगला कसा असतो हे सांगावयास नको. उंच जोते, जाड भिंती, वर कौलांचे उतरते छप्पर आणि पुढे रुंद व्हरांडा. व्हरांड्यात लांब हातांची सागवानी आरामखुर्ची. आत दोनच खोल्या, त्यामुळे चार माणसे आली की घर भरले. थोड्या अंतरावर स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे, झाडांच्या आड, चौकीदाराची खोली. संध्याकाळी कंदील लागला, रातकिडे बोलू लागले, की शहरातून आलेल्या माणसाला वाटते, आयुष्यात याहून अधिक काय हवे!

असाच एक मुक्काम गेल्या हिवाळ्यात घडला. त्याच सुमारास आमचे एक स्नेही ग्रीसच्या एका बेटावर आठ दिवस राहून आले होते. समुद्राकडे तोंड केलेले सात-आठ खोल्यांचे घरगुती हॉटेल. निळे पाणी, पांढऱ्या भिंती हे सारे त्यांनी सांगितलेच. पण त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येत होती ती तिथली मालकीण. सकाळी ती स्वतः न्याहारी वाढी, कुठे जावे ते सांगे, परतायला उशीर झाला तर दाराशी वाट पाही. त्या देशाच्या जुन्या भाषेत म्हणे 'क्सेनोस' हा एकच शब्द परक्यालाही आहे आणि पाहुण्यालाही. लहान जागी राहण्याची सारी गोडी यजमानात असते, हे स्नेह्यांचे म्हणणे मला पटले. आणि बंगल्याच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या मनात आले की, माझा यजमान कोण? जेवण रांधणारा चौकीदार तर पलीकडे अंधारात उभा होता आणि मी 'बसा' म्हटले तरी बसत नव्हता.

तो का बसत नव्हता, याचे उत्तर त्याच्या स्वभावात नव्हते. या प्रदेशाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात होते.

बंगले नव्हते तेव्हा या रानात आलेला माणूस कुठे उतरत असे? आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या माडिया आणि गोंड गावांना याचे उत्तर ठाऊक आहे. गावात गोटुल असे. लाकडी खांबांचे, गवताने वा कौलांनी शाकारलेले, बहुधा मोकळे असे हे सगळ्या गावाचे घर. गोटुल म्हटले की पुष्कळांना बस्तरच्या मुरिया मुलामुलींचे नाचगाणे तेवढे आठवते. पण इंद्रावतीच्या अलीकडच्या माडिया गावांत त्याचे काम अधिक व्यापक होते. गावाची बैठक तिथे बसे, तंटे तिथे तुटत, आणि परगावचा पाहुणा आला की तोही तिथेच उतरे. रात्री शेकोटी पेटे आणि गावची माणसे पाहुण्याभोवती येऊन बसत. पाहुण्याचा मान होता, पण घर गावाचे होते. तिथे राहायचे तर गावाच्या डोळ्यांदेखत राहायचे.

इंग्रज आला तो या गोटुलात उतरण्यासाठी नव्हे. नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८५४ साली चांदा इंग्रजी अंमलाखालचा जिल्हा झाला. त्यानंतर चारच वर्षांनी त्याच्या रानातल्या मुक्कामाची एक रक्तरंजित नोंद इतिहासात झाली. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या माणसांची छावणी पडली होती. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री तिच्यावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे साहेब मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला. हल्ला करणारे होते बाबुराव शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव यांच्या बंडातले लोक. बाबुराव पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांकरवी पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाले. वय अवघे पंचविशीचे. तंबूत निजलेल्या त्या दोघांचा वैयक्तिक अपराध काय होता, असे कोणी विचारील. अपराध एवढाच की, ज्यांच्या भूमीवर तंबू ठोकला त्यांना कोणी विचारले नव्हते.

बंड मोडले आणि तंबूंची जागा हळूहळू पक्क्या घरांनी घेतली. १८७८ चा जंगल कायदा झाला. राने 'राखीव' झाली, सीमेवर मुनारे उभे राहिले, वणवा अडविण्यासाठी जाळरेषा निघाल्या, तोडीचे कूप पडले. एवढ्या अफाट रानावर नजर ठेवायची तर साहेबाला फिरावे लागे. पाऊस सरला, चिखल वाळला, की फिरती सुरू होई आणि उन्हे कडक होईपर्यंत चाले. दिवसभरात बैलगाडीने सामान जितके जाईल तितकी मजल. त्या मजलेच्या शेवटी, पाण्याजवळ, उंचवट्यावर एक बंगला. नकाशावर हे बंगले ठिपक्यांसारखे दिसतात. ते ठिपके जोडले की सरकारची पावले उमटतात.

या घरांची रचना चांगली होती यात शंका नाही. या मुलखातल्या हिवतापाची धास्ती मोठी होती, म्हणून जोते उंच. उन्हाळ्याची काहिली मोठी, म्हणून व्हरांडा रुंद. पण घर चालत होते ते त्या रचनेवर नव्हे. साहेब उद्या येणार असा निरोप आला की गावाची झोप उडे. गाड्या द्यायच्या, ओझी वाहायची, घोड्याला गवत, स्वयंपाकाला लाकडे, पाणी, दूध, अंडी, कोंबडी. ही रसद पाळीपाळीने पुरवायची. मोल मिळाले तर मिळाले. मिळाले तरी ते वाटेतल्या शिपायाच्या हातून पुढे सरकेलच याची हमी नसे. शिकारीचा बेत असला तर हाकारे म्हणून रान उठवायलाही तीच माणसे. याला नाव होते बेगार. पेरणीकापणीचे दिवस आहेत की घरात कोणी आजारी आहे, हे बेगारीला ठाऊक नसे.

प्रत्येक बंगल्यात एक नोंदवही असते. येणाऱ्याचे नाव, हुद्दा, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, भरलेले भाडे, आणि शेवटी शेरा. त्या शेऱ्यांत पाहुण्यांनी चांदण्याची, वाघाच्या डरकाळीची, चौकीदाराच्या हातच्या रश्श्याची तारीफ केलेली असते. ज्याने पाणी वाहिले त्याच्यासाठी त्या वहीत रकानाच नाही. ग्रीक बेटावरच्या त्या मालकिणीचे नाव आमच्या स्नेह्यांना पाठ होते. इथे शंभर वर्षांत यजमानाचे नाव विचारण्याची गरज कोणाला पडली नाही.

स्वातंत्र्य आले. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने बेगार गुन्हा ठरविली. जमीनदाऱ्या गेल्या. चांदा जिल्हा आधी मध्य प्रदेशात, १९५६ साली मुंबई राज्यात, मग १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६४ साली त्याचे चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. नावे बदलली, पाट्या बदलल्या. बंगला मात्र बंगलाच राहिला. व्हरांड्यात साहेबाच्या जागी साहेब आला. १९८० पासून नक्षलवादी गोदावरी ओलांडून या रानात आले. पुढच्या वर्षांत जंगल खात्याची नाकी, लाकडांचे आगार आणि विश्रामगृहेही आगीत सापडली. त्या हिंसेचे समर्थन करण्याचे कारण नाही. तिचा सर्वांत मोठा भार पुन्हा त्याच गावांनी वाहिला. पण जिथे माणूस फक्त रात्रभर निजतो, ते घर जाळावे असे कोणाला का वाटावे, हा प्रश्न इतिहासाला टाळता येत नाही.

याच रानात उलट दिशेने आलेला पाहुणाही होऊन गेला. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यासाठी डॉ. प्रकाश आमटे आले आणि पुढे डॉ. मंदाकिनी आमटे आल्या. आरंभी झोपडी हेच घर आणि झाडाची सावली हाच दवाखाना. भाषा येईना, रोगी येईनात. त्यांनी माडिया शिकून घेतली. दारी कोणी येईपर्यंत त्यांना वाट पाहावी लागली. बंगल्यातला पाहुणा हुकूम करीत असे. हे पाहुणे वाट पाहत होते.

तरीही या साऱ्या कथेत मला सर्वांत मोलाची वाटते ती धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाची हकिकत. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम येथल्या धरणांविरुद्धची चळवळ होऊन गेल्यावर या गावाने आपल्या रीतींचा नव्याने विचार केला आणि गोटुल पुन्हा बांधावयाचे ठरविले. परंपरेप्रमाणे लाकूड सागाचे, आपल्याच रानातले. जंगल खात्याच्या लेखी ती चोरी. पोलीस आले आणि उभे केलेले गोटुल मोडून लाकूड घेऊन गेले. त्यानंतर आसपासच्या ३२ गावांची माणसे एकत्र बसली आणि गावोगाव गोटुल बांधावयाचा ठराव झाला. गोटुले उभी राहू लागली आणि खात्याला माघार घ्यावी लागली.

ज्या खात्याने त्याच रानातल्या सागवानाने आपले बंगले सजविले, त्याने गावाला आपले घर बांधू नये म्हणावे! हा वाद चार खांबांचा नव्हता. या रानात आलेला माणूस कोणाच्या घरी उतरणार, याचा तो वाद होता. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाने आणि देवाजी तोफा यांच्यासारख्या त्याच्या पुढाऱ्यांनी महाराष्ट्राला दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये आपला बांबू विकण्यासाठी वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आज या गावाला भेटायला देशभरातून लोक येतात; आणि गाव त्यांना आधी आपल्या रीती सांगते.

आता चंद्रपूरकडे वळू, कारण आजचा प्रवासी बहुधा तिकडेच जातो. ताडोबाचे तळे तारू या गोंड पुरुषाच्या नावाचे. वाघाशी झुंजताना तो पडला आणि देव झाला, अशी कथा आहे. तळ्याकाठी त्याचे स्थान आहे आणि पौषात तिथे जत्रा भरत असे. १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. वाघ वाचला, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्यासाठी बोटेझरी, नवेगाव, जामणी अशा गावांतील कुटुंबांना आपले गाव सोडून बाहेर वसावे लागले. तिकडे मोहर्ली, कोलारा या प्रवेशद्वारांशी नवी विश्रामस्थाने उभी राहिली. मोजक्या खोल्या, मातीच्या रंगाच्या भिंती, पोहण्याचे तळे, पहाटे दारात जीप. ग्रीसच्या त्या बेटाइतकीच टापटीप. गावांतली मुले वाटाडे झाली, जीप चालवू लागली, काहींनी आपल्याच घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. यजमानपणाचा एक कोपरा परत मिळाला असे म्हणता येईल. पण जिथे जमीन गावकऱ्याची होती आणि आता तो तिथे ताटे उचलतो, तिथे बंगल्याची जुनी वही पुन्हा उघडली आहे, एवढेच.

म्हणून वाचकांनी रानात मुक्कामाला जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. जावे, अवश्य जावे. फक्त निघताना शेऱ्याच्या रकान्यात चांदण्याबरोबर आणखी काही लिहावे. त्या सकाळी मी चौकीदाराला त्याचे नाव विचारले. तो क्षणभर घुटमळला. वहीत काही तक्रार तर लिहीत नाही ना, असे त्याला वाटले असावे. मग त्याने नाव सांगितले, गाव सांगितले, आणि बंगल्याचे जोते भरायला आपला पणजा बेगारीत होता हेही सांगितले. हे सांगताना तो पहिल्यांदाच व्हरांड्याच्या पायरीवर बसला.