पांढरी, चुना आणि सिमेंट : मराठवाड्यातील वाड्यांच्या बाहेरच्या भिंतींचा इतिहास

पावसाळा सरला आणि दिवाळी जवळ आली की शिरूर अनंतपाळ, निलंगा, देवणी या भागातल्या जुन्या वाड्यांच्या मालकांपुढे दरवर्षी तोच प्रश्न येतो. बाहेरच्या भिंतीचे पोपडे निघालेले असतात, दगडांमधली माती वाहून गेलेली असते. गवंडी म्हणतो, सगळे खरवडून सिमेंटचा गिलावा करून टाका, वर रंग मारा. शहरातून आलेला मुलगा म्हणतो, गिलावा काढून काळा दगड उघडा ठेवू, शोभून दिसेल. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, पांढरीनेच लिंपा, एवढी वर्षे तेच चालले. वरवर पाहता हा रंगरंगोटीचा वाद वाटतो. परंतु 1993 नंतर या भागात भिंतीविषयीचा कोणताही निर्णय केवळ दिसण्यापुरता राहिलेला नाही.

प्रथम ही भिंत कशी बांधलेली असते ते पाहू. दोन ते तीन फूट, कधी त्याहून जाड अशी ही भिंत एकसंध नसते. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा आणि मधल्या पोकळीत लहान दगड, चिपा व माती भरलेली. समोरच्या बाजूला घडीव दगड, बाजूला आणि मागे डबर, ही सर्रास आढळणारी काटकसर. वर माळवद. लाकडी खांब, त्यांवर तुळया, फळ्या किंवा काटक्या आणि सर्वांत वर मातीचा जाड थर. चोर-दरोड्याच्या धास्तीने बाहेरच्या अंगाला खिडक्या कमीच. उन्हाळ्यात आत गारवा देणारे हे घर त्या काळाच्या गरजांना चोख उत्तर होते.

या घराची खरी त्वचा म्हणजे पांढरी. आपल्या भाषेत गावाचे दोन भाग, ‘काळी’ आणि ‘पांढरी’. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शतकानुशतके माणसे, जनावरे, चुली आणि पडलेल्या भिंती यांच्यातून जी राखट माती साचली तीच ही पांढरी माती. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, म्हणून ती भिंतीच्या कामाची नाही. पांढरी तशी फुगत नाही, म्हणून ती गढीवरून किंवा जुन्या टेकाडावरून आणून माळवदावर टाकायची आणि भिंतीला लिंपायची. म्हणजे एका पिढीच्या पडलेल्या घरातून दुसऱ्या पिढीचे घर उभे राहत असे. तेरच्या पांढरीच्या टेकाडांत सातवाहनकाळातील वस्तीचे अवशेष मिळाले आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून तिथले वस्तुसंग्रहालय उभे राहिले, हे पाहिले की आपण भिंतीला जे लिंपत होतो ते इतिहासाचेच थर होते हे लक्षात येते.

चुना ही ऐपतीची गोष्ट होती. औसा आणि उदगीरच्या किल्ल्यांना, देवळांना, देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांना तो परवडे. भट्टीत चुनखडी भाजायची, कळी पाण्यात विझवायची, घाणीत वाळूबरोबर मळायची आणि मग लावायची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. मातीला आणि चुन्याला एक गुण समान आहे. भिंतीत शिरलेले पाणी दोन्ही बाहेर जाऊ देतात. त्यांचा दोष असा की दरवर्षी, दोन वर्षांनी हात फिरवावा लागतो.

सिमेंटने या कटकटीतून सुटकेचे आश्वासन दिले. इंग्लंडमध्ये 1824 साली जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, आणि विसाव्या शतकात ते सरकारी इमारती, पूल, शाळा यांच्या वाटेने खेड्यापर्यंत आले. एकदा गिलावा केला की झाले, अशी त्याची ख्याती. शिवाय ते प्रतिष्ठेचेही होते. मातीचे घर म्हणजे मागासलेपण, सिमेंटचे घर म्हणजे ‘पक्के’.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट उजाडली. गणपतीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप 6.2 तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. माणसे मारली ती घरांनी. हादऱ्यात भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा बाहेर आणि आतला आत कोसळला. माळवदाची माती त्यावर आली. एक फूट जाडीच्या मातीचा भार दर चौरस मीटरला साधारण साडेचारशे ते पाचशे किलो होतो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर चार टनांहून अधिक. दरवर्षी नवी माती टाकत गेल्याने काही माळवदे याहूनही जाड झाली होती. मात्र लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की अनेक ठिकाणी भिंती पडल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला.

त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली. त्यांखेरीज हजारो घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम जागतिक बँकेच्या साह्याने हाती घेण्यात आला. गावोगाव माहिती पोचवण्यासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने ‘संवाद सहायक’ म्हणून महिला नेमल्या गेल्या. मजबुतीचे तंत्र साधे होते. भिंतीतले दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करायचे, त्यात वाकवलेली लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. नव्या दगडी भिंतीसाठी भारतीय मानक 13828 (1993) हेच सांगते : उंचीत दर 600 मिलिमीटरला आणि लांबीत दर 1.2 मीटरला भिंतीच्या आरपार जाणारा दगड हवा. परंतु दगडाची भीती एवढी बसली होती की बहुतेकांनी मिळालेल्या मदतीतून जुन्या घराशेजारी नवी खोली बांधणे पसंत केले. जुना वाडा तसाच राहिला, आणि पुढे त्यावर सिमेंटचा गिलावा चढला.

इथेच खरा धोका आहे. मातीत बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा कडक, घट्ट थर बसतो. भिंत उन्हा-पावसाने किंचित हलते, गिलावा हलत नाही, म्हणून त्याला तडे जातात. तड्यातून आणि माळवदातून आत गेलेले पाणी मग बाहेर पडू शकत नाही. आतली माती मऊ होते, तळाशी क्षार फुटतात, ठोकले तर पोकळ आवाज येतो. शिवाय दोन थर सुटू लागल्याची पहिली खूण म्हणजे भिंतीला येणारे पोट. जाड गिलाव्याखाली ते झाकले जाते. मातीच्या लिंपणात जी चीर मालकाला दरवर्षी हात फिरवताना दिसे, ती आता वर्षानुवर्षे दिसत नाही. कटकट गेली, तिच्याबरोबर देखरेखही गेली.

दगड उघडा ठेवण्याची हौस तरी निर्धोक आहे का? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चच्या भिंतींचा गिलावा खरवडून दगड उघडे करण्याची लाट आली होती. तिच्याविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली आणि ती ‘खरवडविरोधी’ या टोपणनावाने ओळखली गेली. डबराची भिंत उघडी दिसण्यासाठी बांधलेलीच नसते. लिंपण हा तिचा पावसाळी अंगरखा. तो काढून दरजा सिमेंटने भरल्या, तर पाणी पुन्हा आतच अडते.

तेव्हा रंग कोणता हा प्रश्न सर्वांत शेवटचा. आधी माळवद पाहावे, त्यावरची जादा माती उतरवावी आणि गळती थांबवावी. मग ओळंबा लावून भिंतीला पोट आले आहे का ते तपासावे. छपराचा भार खांबांवर आहे की भिंतीवर, हे जाणत्या अभियंत्याकडून समजून घ्यावे. दोन्ही थर सांधावेत, कोपरे बांधावेत. जी भिंत सुटलीच आहे ती उतरवून पुन्हा रचावी. हे झाल्यावर दरजा चुन्याने भराव्यात आणि माती किंवा चुन्याचा गिलावा द्यावा. यात खर्च आहे, चुन्याचे काम जाणणारे गवंडीही कमी उरले आहेत. तरीही क्रम उलटा करू नये. कारण नुसत्या गिलाव्याने भिंत सजते, सांधली जात नाही, आणि किल्लारी परिसरात ज्या भिंती पडल्या त्यांतल्या कित्येक आदल्या संध्याकाळपर्यंत बाहेरून चांगल्याच दिसत होत्या.