मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे अर्थसाहाय्य

मूळ संहिता सर्वांना खुली असलेल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती, सुरक्षा व विस्तार अखंड चालू राहावा यासाठी पैसा उभारण्याची व्यवस्था. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने (१९८५) देणग्यांचा मार्ग रूढ केला (पहा : ग्नू प्रकल्प). मात्र इंटरनेटवरील देवाणघेवाण कूटबद्ध करणारा ओपनएसएसएलसारखा पायाभूत प्रकल्प मूठभर माणसांवर उभा असल्याचे त्यातील हार्टब्लीड या सुरक्षा-दोषाने २०१४ मध्ये उघड केले.

महाराष्ट्रात दोन वाटा ठळक दिसतात. शिक्षणात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा वापर वाढवणारा आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या निधीवर चालतो. मुंबईची फ्रॅपे कंपनी ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय-व्यवस्थापन सॉफ्टवेअरची संहिता खुली ठेवून होस्टिंग व सेवाशुल्कातून खर्च भागवते. स्वयंसेवक असताना पैसा कशाला, हा आक्षेप अपुरा आहे : नवी सोय हौसेने लिहिली जाते, जुन्या दोषांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा हौसेवर टिकत नाही. पाचाडसारख्या खेड्यातील अँड्रॉइड फोनवर ‘क्ष’, ‘र्‍य’ नीट जुळतात ते हार्फबझ या मुक्तस्रोत संहितेमुळे, आणि युनिकोडच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर तिची डागडुजी करावीच लागते (पहा : देवनागरी, युनिकोड). पैसा देणाऱ्याचा अंकुश वाढेल ही भीती रास्त आहे. मात्र मुक्त परवाना कोणालाही संहितेची स्वतंत्र शाखा काढू देतो, त्यामुळे हा अंकुश निरपवाद ठरत नाही.