सॅकमधल्या पिशवीचं माहेर

अमेरिकेत महिनोन्‌महिने पायी चालणाऱ्या, ग्रॅम-ग्रॅम मोजणाऱ्या भटक्यांच्या सॅकमध्ये एक पारदर्शक, कुरकुरणारी पिशवी असते. स्लीपिंग बॅग, कोरडे कपडे, सगळं तिच्या पोटात. तिचं नाव नायलोफ्यूम. ही डोंगरासाठी जन्मलेलीच नाही. तिचं माहेर वाळवी मारणाऱ्यांकडचं!

कॅलिफोर्निया, फ्लोरिडात लाकडी घरांना वाळवी लागली की अख्ख्या घरावर तंबू चढवतात आणि आत सल्फ्युरिल फ्लोराइड हा विषारी वायू सोडतात. घरात राहिलेलं खाणं आणि औषधं त्याआधी या नायलॉनच्या पिशव्यांत, एकीत दुसरी घालून, बंद करायची असतात. वायू रोखणाऱ्या पिशवीला पावसाचं काय कौतुक? वजन सुमारे 30 ग्रॅम.

आता हलक्या सॅकबांधणीचे मानाचे पूर्वज उरकून घेऊ. 1955 मध्ये 67 वर्षांच्या एमा गेटवूड घरी शिवलेली झोळी खांद्यावर टाकून अ‍ॅपलेशियन ट्रेल चालल्या. 1990 च्या दशकात रे जार्डिन या भटक्यानं सांगाड्याविना सॅक रुजवली.

खरा वाद पुढे आहे. एक पक्ष म्हणतो, हलक्या बांधणीचा मूळपुरुष शिडाचं कापड. 1992 च्या अमेरिकाज कपमध्ये जिंकलेल्या ‘अमेरिका क्यूब्ड’ या नौकेवरून त्या कापडाला क्यूबेन फायबर नाव पडलं, आज ते डायनिमा कॉम्पोझिट म्हणून विकतात. कापड अद्भुत, यात शंका नाही. पण त्याच्या छोट्या थैल्या शिवून काय साधलं? प्रत्येक वस्तूला वेगळी थैली ही जुनीच खोड, फक्त महाग झाली. गच्च भरलेल्या गोल थैल्यांमध्ये पोकळ्या राहतात, आणि बिनसांगाड्याच्या सॅकला तर आकार सामानच देतं. एकाच मोठ्या पिशवीत स्लीपिंग बॅग सुटी कोंबली की ती कोपरे भरते, सॅक पाठीला नीट बसते. बांधणीची रीत बदलली ती इथे.

दुसरा दावेदार जास्त तगडा: कचरा दाबणाऱ्या घरगुती यंत्राची पिशवी. डबे-बाटल्या दाबताना फाटू नये म्हणून जाड केलेली. वाटेवर ती आधी आली, हे मान्य. पण वजनाला जवळपास दुप्पट.

मग वाळवीवाल्यांची पिशवी डोंगरात नेली कुणी? माझा तर्क भूगोलाचा. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल सुरू होते मेक्सिकोच्या सीमेवरच्या कॅम्पोपासून, म्हणजे जिथे घरांवर तंबू चढतात त्याच दक्षिण कॅलिफोर्नियातून. शेजारच्या तंबूतली वस्तू आपल्या तंबूत आली, इतकंच.

सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकला सॅकमध्ये मोठी प्लास्टिकची पिशवी घालणाऱ्यांना हे सारं ओळखीचं वाटेल. रेनकव्हर पाठीकडून उघडंच असतं, पाणी तिथूनच शिरतं. तेव्हा पिशवी आत घाला, हवा दाबून काढा, तोंड पिळून खाली दुमडा. आणि ओला तंबू मात्र तिच्या बाहेरच ठेवा.