सुरतेची रविवारची सभा

विज्ञानावरील जाहीर व्याख्यान म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे दुर्बीण, काचपात्रे आणि विजेची यंत्रे उभी राहतात. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुरत शहरात काही शिक्षक दर रविवारी जमत असत. त्यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते. तरीही विज्ञानाचा पहिला धडा त्यांनी लोकांपुढे ठेवला.

१८३७ च्या भीषण आगीने सुरतेचे उरलेसुरले वैभवही होरपळले होते. अशा काळात, २२ जून १८४४ रोजी, तेथे मानवधर्म सभा स्थापन झाली. तिचे अध्वर्यू होते गुजराती शाळेतील शिक्षक दुर्गाराम मंछाराम मेहता. त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा त्या वेळी सुरतेच्या इंग्रजी शाळेत होते. दलपतराम, दामोदरदास आणि दिनमणिशंकर हे त्यांचे आणखी तीन सहकारी. पाचांचीही नावे 'द' या अक्षरापासून सुरू होत, म्हणून ही मंडळी 'पाच दद्दा' या नावाने ओळखली जाऊ लागली.

भुताखेतांचे आणि मंत्रतंत्रांचे भय लोकांच्या मनावर स्वार झालेले होते. सभेने मांत्रिकांना व जादूगारांना उघड आव्हान दिले : तुमच्या अंगी सामर्थ्य असेल, तर ते सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवा! या एका वाक्यात प्रयोगाचे सारे मर्म आले. दावा करणारा कितीही मोठा असो, पुराव्याचा भार त्याच्यावर. आणि परीक्षा व्हायची ती दिवसाढवळ्या, चारचौघांच्या देखत.

सभेला आयुष्य थोडे लाभले. दादोबा सुरतेहून गेले, १८५२ मध्ये दुर्गारामही राजकोटला गेले, आणि सभा मावळली. परंतु बीज मुंबईत रुजले. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी साहित्य व शास्त्र यांच्या अभ्यासासाठी सभा काढली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारासाठी देशी भाषांत व्याख्याने देऊ लागल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबांकडे आले. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिकही निघू लागले.

याच दादोबांच्या प्रेरणेने मुंबईत परमहंस सभाही उभी राहिली. जातिभेद मोडू पाहणारी ही सभा गुप्तपणे भरे. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि समाजाच्या भयाने ती विस्कटली. ज्ञानप्रसारकांची व्याख्याने मात्र उघड्यावर होत, आणि त्यांची परंपरा पुढे वाढत गेली. विचार लपवून ठेवला, की त्याला उजेडाची भीती वाटू लागते, हेच यावरून दिसत नाही काय?

आज सुरतेत महानगरपालिकेचे विज्ञान केंद्र आहे, तारांगण आहे. तेथे मुले आकाश पाहतात. ती परतताना आपल्या वडीलधाऱ्यांना एखादा अडचणीचा प्रश्न विचारतील, तर त्यांना गप्प बसवू नये. दुर्गाराम आणि दादोबांची रविवारची सभा तेथेच पुन्हा भरलेली असेल.