परगांवीं निघालेलीं पत्रें



देवळाच्या महोत्सवाच्या पुस्तिकेंत वर्तमानपत्रांची कथा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, मुंबई बेटापासून ठाण्यापर्यंतच्या कितीएक धर्मग्रामांत येथील मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती व पोटासाठीं गोमंतकांतून आलेले कोंकणी बोलणारे ख्रिस्ती एकाच वेदीपुढें गुडघे टेकीत आले आहेत. शेजाऱ्याची कथा शेजाऱ्यास ठाऊक असावी. या मंडळीच्या मायबोलींतील पहिलें नियतकालिक निघालें तें तिच्या घरीं नव्हे, परगांवीं. आणि तसें कां झालें, हें समजून घेण्याजोगें आहे.

ज्या गोमंतकांत आशियाखंडांतील पहिला युरोपीय धर्तीचा छापखाना १५५६ सालीं उतरला, तेथें हें घडूं नये याचें प्रथमदर्शनीं नवल वाटतें. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण, जें आपल्या मराठीचें भूषण, तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें; त्यांचेंच कोंकणींतील ख्रिस्तशिक्षणाचें पुस्तक १६२२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर पडलें. पण १६८४ सालीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावें. बोली हुकुमानें मरत नाहीं. ती चुलीपाशीं राहिली, मात्र छापखान्यांतून गेली. पुढें १८२१ सालीं गोव्यांत पहिलें वृत्तपत्र निघालें तें सरकारी व पोर्तुगीज भाषेंत. १९०० सालीं निघालेलें पहिलें दैनिक 'हेराल्दो', तेंही पोर्तुगीजच. ज्यास ती भाषा येत नसे, अशा कुळवाड्यास, रेंदेरास वा खारव्यास जगाची बातमी दुसऱ्याच्या तोंडूनच कळावयाची.

हाच मनुष्य एकोणिसाव्या शतकांत मोठ्या संख्येनें मुंबईस येऊं लागला. साहेबाच्या घरीं आचारी किंवा बटलर, पलटणींत बँडवाला, आगबोटीवर भोजनगृहाचा नोकर, कोणी शिंपी. बायका मुलें सांभाळणाऱ्या आया. धोबीतलाव, डाबूल, माझगांव या वस्त्यांत गांवोगांवच्या 'कुडी' उभ्या राहिल्या. कूड म्हणजे एका गांवच्या लोकांनीं मिळून भाड्यानें घेतलेली जागा. भिंतीशीं ज्याची त्याची पेटी, एका बाजूस गांवच्या आश्रयदात्या संताची वेदी, आणि सायंकाळीं सर्वांनीं एकत्र म्हटलेली जपमाळ. नोकरी लागेपर्यंत अथवा बोट सुटेपर्यंत येथें राहावयाचें. यांपैकीं पुष्कळांस रोमन अक्षरें वाचतां येत, कारण गांवच्या देवळाच्या शाळेंत गाण्याच्या मास्तरानें सुरांबरोबर अक्षरओळखही करून दिलेली असे. म्हणजे वाचक तयार होता. त्याच्या हातीं देण्यास मजकूर तेवढा नव्हता.

सुशिक्षित गोवेकरांचीं पत्रें मुंबईंत याच्या पुष्कळ आधीं निघालीं होतीं. १८३५ सालीं गोव्याचे पहिले एतद्देशीय शासनप्रमुख बेर्नार्दो पेरेस द सिल्व्हा यांस अवघ्या कांहीं दिवसांत बंड करून पदच्युत करण्यांत आलें. त्याच वर्षीं इंग्रजी मुलखांतील छापखान्यांवरचे निर्बंध मेटकाफ साहेबांनीं उठविले. परागंदा झालेल्या पक्षानें या मोकळिकीचा लाभ घेतला व मुंबईंत पोर्तुगीज भाषेंत पत्रें चालविलीं. पण तें भांडण वाड्यांतलें होतें. त्यांतील एक ओळही कुडींतल्या आचाऱ्यास समजण्याजोगी नव्हती.

त्याच्या भाषेंत पत्र निघालें तें पुण्यास. १८८९ सालीं एदुआर्दो जोझे ब्रुनो द सौझा (१८३६–१९०५) या गृहस्थांनीं 'उदेंतेचें साळक', म्हणजे पूर्वेकडील कमळ, या नांवाचें पत्र सुरू केलें. कोंकणी भाषेंतील हेंच पहिलें नियतकालिक होय. कोंकणी म्हणजे चाकरांची बोली, ती छापण्यासारखी नव्हे, असें म्हणणाऱ्यांत शिकलेले कोंकणी लोकच पुढें असत. अशा काळीं ती रोमन अक्षरांत नियमानें व शुद्ध कशी लिहावी याचा विचार द सौझा यांनीं आस्थेनें केला. कोंकणींतील पहिली कादंबरीही त्यांचीच. त्यांचें पत्र १८९४ पर्यंत चाललें. पांच वर्षें थोडीं वाटतील. परंतु ज्याचा वर्गणीदार आज छावणींत तर उद्यां एडनपलीकडे, त्या पत्रानें पांच वर्षें तग धरली याचेंच मला अधिक कौतुक वाटतें.

मग मुंबईनें तो धागा उचलला. १८९१ सालीं 'ओ लुझो-कोंकणी' हें अर्धें पोर्तुगीज व अर्धें कोंकणी पत्र निघालें. १८९२ सालीं ईस्टरच्या दिवशीं कोंकणी रंगभूमीचा पहिला तियात्र मुंबईंतच झाला, आणि त्याचा प्रेक्षक तोच पत्रांचा वाचक. १९०७ सालीं बी. एफ. काब्राल यांनीं 'सांजेचें नखेत्र' काढलें. त्यांत कोंकणीची जोडीदार पोर्तुगीज राहिली नव्हती, इंग्रजी झाली होती. या एका बदलांत सारा इतिहास आला आहे, असें मी म्हणेन. मनुष्य ज्या भाषेंत भाकर मिळवितो ती त्याच्या पत्रांत येऊन बसते. पुढें १९१९ सालीं 'आवे मारिया' व १९२९ सालीं 'आमचो गांव' हीं निघालीं. या दुसऱ्या नांवाचें पत्र मुंबईंतच शोभावें; गांवांत बसलेला मनुष्य आपल्या पत्रास असें नांव कशाला देईल?

आतां आपल्याकडेही पाहिलें पाहिजे. एके काळीं येथील मूळचे ख्रिस्ती व गोवेकर या दोघांनाही सरकारांत 'पोर्तुगीज' हेंच एक नांव होतें. १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, आपल्या पूर्वजांनीं बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापून 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. आम्ही कंपनीचे जुने प्रजाजन, परक्या राज्यांतून कालपरवां आलेले नव्हेत, हा त्यांतील आशय. नोकऱ्यांची ओढाताण लक्षांत घेतां त्यांचें म्हणणें अन्यायाचें होतें असें नाहीं. परंतु त्या नांवानें देवळाच्या बाकावर मधोमध एक रेघ ओढली गेली, हें नाकारून चालणार नाहीं. त्यांतच देवळांवर अधिकार पोर्तुगालच्या पाद्रोआदोचा कीं रोमच्या प्रोपागांडाचा, हा वाद. मुंबईंतील दुहेरी अधिकार १९२८ च्या करारापर्यंत संपला नाहीं. १८५० पासूनचें 'एक्झॅमिनर' व १८८६ पासूनचें गोवेकरांचें 'अँग्लो-लुसितानो' यांचे वाचक एकाच पेठेंत राहत, पण एका मताचे नसत. या थोरामोठ्यांच्या वादांत कुडींतल्या माणसाविषयीं बोलणारे पुष्कळ, त्याच्याशीं बोलणारे थोडे. तेवढें काम त्याच्या कोंकणी पत्रांनीं केलें.

आणखी एक भेद येथें सांगावा लागतो. गोव्याचे हिंदूही मुंबईस आले, पण ते देवनागरी वाचणारे, मराठी पत्रें घेणारे. एकाच गांवच्या दोन शेजाऱ्यांनीं एकमेकांचें पत्र हातीं घेतलें तर ते फक्त चित्रें पाहूं शकत. शणै गोंयबाब या नांवानें लिहिणारे वामन वर्दे वालावलीकर (१८७७–१९४६), स्वतः मुंबईवासी, यांनीं देवनागरी कोंकणीचा ध्वज उभारला, तरी ही भिंत पुरती पडली नाहीं.

१९२६ नंतर पोर्तुगालांत लष्करी अंमल आला, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली, आणि गोव्यांत जें छापतां येत नसे तें मुंबईंत छापणें भाग पडलें. त्रिस्तांव ब्रागांस कुन्हा यांचें 'फ्री गोवा' हें १९५३ सालीं मुंबईंतच निघालें. खुद्द गोव्यांत फादर ग्रासियानो मोराइस व फादर आर्सेन्सिओ फेर्नांदिस यांनीं १९३३ सालीं 'वावराड्यांचो इश्ट' हें कष्टकऱ्यांचें कोंकणी साप्ताहिक सुरू केलें होतें. पण तें धर्माच्या आश्रयानें.

या सर्वांत मला अधिक जवळची वाटते ती कराचीची गोष्ट. तेथेंही गोवेकरांची मोठी वस्ती होती. सेंट पॅट्रिक देवळांतील सांगोल्ड गांवचे फादर विन्सेंट लोबो यांनीं पाहिलें कीं, आपल्या लोकांस मायबोलींत वाचावयास भक्तिपर असें कांहीं नाहीं. तेव्हां १९१५ सालीं त्यांनीं 'दर म्हयन्याची रोटी' हें मासिक काढलें. नांव किती साधें! जो दुसऱ्याच्या घरीं रोट्या भाजतो, त्याच्यासाठीं महिन्याची एक रोटी. १९२२ सालीं ते निवर्तले, तेव्हां त्यांच्याच गांवचे फादर लुदोव्हिको परेरा यांनीं तें हातीं घेतलें. १९३६ सालीं तेही गेल्यावर वेर्ण्याचे फादर मोनीझ यांनीं. देशाची फाळणी झाली, कराची परमुलूख ठरली, तरी मासिक निघत राहिलें. १९५३ सालीं फादर मोनीझ वारल्यावर फादर एलायस डिसोझा हे त्याचे चौथे संपादक झाले. गोवा मुक्त झाल्यानंतर, १९६४ च्या सुमारास, तें समुद्र ओलांडून जुन्या गोव्यास आलें, व फादर मोरेनो द सौझा यांनीं पुढें सुमारें चाळीस वर्षें तें सांभाळलें. १५५६ सालचा तो पहिला छापखाना उभा राहिला होता तोही याच जुन्या गोव्यांत, सेंट पॉल विद्यालयांत.