टायरवरचा आकडा आणि चाकाचा इतिहास

दादर 'टी. टी.'मधली दोन अक्षरे म्हणजे 'ट्रॅम टर्मिनस'. मुंबईत घोड्यांची ट्रॅम १८७४ साली सुरू झाली आणि विजेची १९०७ साली. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्रॅम धावली. ट्रॅम गेली, नाव मात्र राहिले. सायकलच्या चाकाचेही काहीसे असेच झाले आहे. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा आपण रोज पाहतो, पण तो नेमके काय मोजतो, असा प्रश्न सहसा पडत नाही. हा आकडा न समजल्यास दुकानातून भलताच टायर घरी येतो. समजला तर अरुंद टायरची जुनी सायकल मोडीत न काढता खडबडीत रस्त्यावर चालवण्याजोगी करता येते.

ओळखीच्या सायकलीपासून सुरुवात करू. गिरगावच्या गल्ल्यांत, लालबाग-परळच्या गिरणगावात डबेवाल्यांनी वर्षानुवर्षे वापरलेली काळी, उंच, जड सायकल आपल्या परिचयाची आहे. तिचा साचा ब्रिटिश 'रोडस्टर'चा. अशा सायकली पुढे भारतातही बनू लागल्या. मुंबईत वरळीला 'हिंद सायकल'चा कारखाना होता. १९८० साली कायदा करून या कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले. या रोडस्टरच्या टायरवर '२८ × १½' असे लिहिलेले असते. पहिला आकडा हवा भरलेल्या चाकाचा बाहेरचा व्यास, दुसरा टायरची जाडी, दोन्ही इंचांत. मग टायर ज्यावर बसतो त्या रिमचा व्यास किती? चाकाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे टायर असतो. म्हणून २८ मधून दोनदा १½ वजा करायचे. उत्तर येते २५ इंच, म्हणजे ६३५ मिलिमीटर. हे माप आजही अचूक जुळते.

चाक एवढे मोठे का, याचे उत्तर हवेच्या टायरपूर्वीच्या काळात सापडते. भरीव रबराच्या चाकाला खड्ड्याचा धक्का पचवता येत नाही. लहान चाक खड्ड्यात उतरते, मोठे चाक त्यावरून निघून जाते. पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेल्या उंच सायकलींत तर वेगासाठीही मोठे चाक लागे. १८८५ च्या 'रोव्हर' सायकलीने चेनद्वारे मागचे चाक फिरवले आणि वेगासाठी मोठ्या चाकाची गरज उरली नाही. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप यांनी सायकलसाठी हवेचा टायर बनवला. धक्का पचवण्याचे काम आता हवेकडे आले. टायर जितका जाड, तितकी हवेची गादी खोल.

पण फ्रेममधली जागा ठरलेली असते. चाकाचा बाहेरचा व्यास न बदलता टायर जाड करायचा असेल, तर रिम लहान केली पाहिजे. फ्रेंच पद्धतीत हा नियम नावातच आला. ७०० मिलिमीटरच्या गटात ए, बी, सी अशा रिमा ठरल्या. 'ए' ६४२, 'बी' ६३५ आणि 'सी' ६२२ मिलिमीटर. 'ए' अरुंद टायरसाठी, 'सी' जाड टायरसाठी. आपल्या रोडस्टरची रिम म्हणजे यातली 'बी'.

पुढे एक गंमत झाली. जाड टायरसाठी असलेली '७००-सी' रिम शर्यतीच्या सायकलींची ठरली आणि तिच्यावर २३ मिलिमीटरचे अरुंद टायर बसू लागले. बाहेरचा व्यास किती झाला? ६२२ अधिक ४६, म्हणजे ६६८. नावातले ७०० केवळ नावापुरते उरले.

गुळगुळीत रस्त्यावर अरुंद टायर चालून जातो. पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि गटारांच्या जाळ्या यांवरून जाताना मात्र तो धोक्याचा ठरतो, कारण टायरपेक्षा रुंद फट चाकाला गिळते. शिवाय अरुंद टायरमध्ये हवेचा दाब जास्त ठेवावा लागतो. नाहीतर धक्क्याने ट्यूब रिमखाली चेमटून पंक्चर होते. मागच्या चाकावर ४५ किलो भार आणि दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब असेल, तर जमिनीला टेकलेला भाग सुमारे साडेसहा चौरस सेंटिमीटर असतो. जाड टायरमध्ये दाब निम्मा चालतो आणि टेकलेला भाग दुप्पट होतो.

यावरचा उपाय जुन्या नियमातच आहे. '६५०-बी' या रिमेचा व्यास ५८४ मिलिमीटर. तिच्यावर ४२ मिलिमीटरचा टायर चढवा: ५८४ अधिक ८४, बरोबर ६६८! चाकाची उंची तीच, गिअरचा हिशेब तोच, पायडल जमिनीपासून तितकेच वर. बदलली ती फक्त रबर-हवा आणि धातू यांची वाटणी. फ्रान्समधले 'ले सिक्लिस्त' मासिकाचे संपादक पॉल द व्हिवी विसाव्या शतकाच्या आरंभीच लहान चाक आणि जाड टायर यांचा पुरस्कार करीत होते. ६५०-बी ही तिथल्या दूरच्या प्रवासी सायकलींची रिम होती. हीच रिम इंग्रजी मापात २६ × १½ ठरते आणि आजच्या डोंगरी सायकलींत '२७.५' या नावाने विकली जाते. तीन नावे, रिम एकच.

मात्र हा बदल प्रत्येक सायकलीला मानवत नाही. रिमेवर दाबणारा ब्रेक असेल, तर त्याचे रबर १९ मिलिमीटर खाली आणावे लागते. त्यासाठी लांब बाह्यांचा ब्रेक हवा. डिस्क ब्रेकला ही अडचण नाही. चिमट्यात आणि मागच्या दांड्यांमध्ये ४२ मिलिमीटरचा टायर मावून दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा उरते का, हेही आधी मोजावे. शर्यतीच्या अनेक फ्रेममध्ये ती नसते. अशा वेळी हा नाद सोडलेलाच बरा.

टायर विकत घेताना जुन्या नावावर विसंबू नये, ही आमची शिफारस. शेजारीच '४०-६३५' किंवा '४२-५८४' असा जोडआकडा असतो. त्यातला पहिला टायरची रुंदी आणि दुसरा रिमेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २६ × १⅜ आणि २६ × १½ ही नावे सारखी वाटली, तरी पहिल्याची रिम ५९० आणि दुसऱ्याची ५८४ असते. एकीचा टायर दुसरीवर नीट बसत नाही.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. रोडस्टरच्या टायरवर खडूची खूण करून सायकल एक फेरा सरळ ढकलत न्यावी आणि जमिनीवरचे अंतर मोजावे. २८ इंचांच्या हिशेबाने ते सुमारे २ मीटर २३ सेंटिमीटर यायला हवे. मग सायकलवर एका विद्यार्थ्याला बसवून पुन्हा मोजावे. अंतर थोडे कमी भरेल. का, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.