घरगुती वायुदाबमापक

घरगुती वायुदाबमापक हे हवेच्या दाबातील बदल दाखवणारे साधे उपकरण आहे. काचेच्या बरणीच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधतात आणि त्याच्या मध्यापासून कडेबाहेर जाईल अशी शीतपेयाची नळी आडवी चिकटवतात. बाहेरचा दाब वाढल्यास रबर आत दबते व नळीचे मोकळे टोक वर जाते; दाब घटल्यास ते खाली येते.

वरळी कोळीवाड्यासारख्या समुद्रकाठच्या वस्तीत हवेचा दाब सुमारे १,०१० हेक्टोपास्कल असतो आणि दिवसातून दोनदा काही हेक्टोपास्कलांनी वरखाली होतो. मात्र बंद बरणीतील हवा १ अंश सेल्सिअसने तापली तरी तिचा दाब सुमारे ३.४ हेक्टोपास्कलने वाढू पाहतो. परिणामी उन्हात ठेवलेली बरणी दाबापेक्षा तापमानच अधिक दाखवते आणि निरभ्र दुपारीही वादळाचा भास निर्माण करते. १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळच्या समुद्रातून गेलेल्या तौक्तेसारख्या चक्रीवादळातील मोठी घट टिपायची, तरी बरणीचे तापमान स्थिर राखावे लागते.